अकरावीचे जीवशास्त्र : न सांगितलेले नियम आणि आपली लेकरे

दहावीचा निकाल लागला की बिडकीनच्या बाजारपेठेत, बसस्टँडवर आणि आपल्या वस्तीत एकच प्रश्न सुरू होतो. पोरगं काय घेणार? आर्ट, कॉमर्स की सायन्स? पन्नास-पंचावन्न टक्के पडले तर फारशी चर्चा होत नाही. पण सत्तरच्या पुढे गुण मिळाले की बाप गावभर पेढे वाटतो, आई शेजारणीला सांगते, ‘सायन्सला टाकणार, डॉक्टर करणार.’ स्वप्न पाहण्यात काहीच वाईट नाही. आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांना स्वप्न पाहण्याचीसुद्धा मुभा नव्हती. पण स्वप्न आणि डॉक्टरकी यांच्या मध्ये एक दार आहे. त्या दाराचे नाव अकरावी-बारावीचे जीवशास्त्र, म्हणजे बायोलॉजी. आणि ह्या दाराचे काही नियम आहेत.

आम्ही स्वतः बी.कॉम. झालेलो. बेडूक आणि झुरळ यांच्याशी आमचा संबंध कधी आला नाही. परंतु गेली अनेक वर्षे कारकुनी करताना आणि वस्तीतल्या मुलांचे प्रवेश, दाखले, शिष्यवृत्त्या यांच्या मागे फिरताना आमच्या एक गोष्ट पुरती लक्षात आली आहे. आपली मुले बुद्धी कमी म्हणून मागे पडत नाहीत. ती नियम माहीत नाहीत म्हणून मागे पडतात. म्हणूनच आज हा विषय कुटुंबाच्या पानावर घेतला आहे. आईबापांनी वाचावा, मुलामुलींनी वाचावा आणि वाचता येत नसेल त्या आजीला वाचून दाखवावा.

पहिल्या दिवशीचा कागद

अमेरिकेत कॉलेजात मुलगा पहिल्या वर्षी मानवी जीवशास्त्राच्या वर्गात गेला की पहिल्याच दिवशी प्राध्यापक त्याच्या हातात एक छापील कागद देतात. त्याला तिकडे ‘सिलॅबस’ म्हणतात. आपल्याकडे सिलॅबस म्हणजे नुसती धड्यांची यादी. तिकडच्या त्या कागदावर मात्र धड्यांसोबत सगळे व्यवहार लिहिलेले असतात. किती दिवस गैरहजर राहिले तर काय होईल, वही उशिरा दिली तर किती गुण कापले जातील, प्रयोगशाळेत काय घालून यायचे, दुसऱ्याचे लिखाण उतरवले तर काय कारवाई होईल, शंका विचारायला सर कोणत्या वारी किती वाजता खोलीत भेटतील. विद्यार्थ्याकडून काय अपेक्षा आहे आणि विद्यार्थ्याने कॉलेजकडून काय अपेक्षा ठेवावी, हे दोन्ही त्यात येते.

आपल्याकडे असे नियम नाहीत काय? आहेत, आणि चांगले कडक आहेत. पण ते कोणी बसवून सांगत नाही. नोटीस बोर्डावर एक कागद लागतो, पावसाने भिजतो आणि फाटून जातो. ज्या घरात बाप कॉलेजात शिकलेला आहे, काका प्राध्यापक आहे, त्या घरातल्या मुलाला हे नियम जेवता-जेवता कळतात. ज्या घरात बाप सेंट्रिंगचे काम करतो आणि आई दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचते, त्या घरातल्या मुलाला ते कोण सांगणार? त्याला नियम कळतो तो मोडल्यावरच. तोपर्यंत वर्ष गेलेले असते. न सांगितलेला नियम वरवर सर्वांना सारखा असतो, पण फटका मात्र गरिबालाच बसतो.

हजेरी : शंभरात पंच्याहत्तर

पहिला नियम हजेरीचा. बारावीच्या परीक्षेला बसायचे तर पंच्याहत्तर टक्के हजेरी लागते. महिन्यात चोवीस दिवस कॉलेज भरले, तर सहा दिवसांपर्यंतची गैरहजेरी चालून जाते. सातवा दिवस बुडाला की मूल रेषेच्या खाली गेले. आता आपल्याकडचा हिशोब पाहा. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी येते. लग्नसराई येते. बहिणीचे बाळंतपण येते. प्रत्येक वेळी ‘दोन दिवस राहू दे कॉलेज’ म्हणून आपणच मुलाला घरी ठेवतो. दोनाचे दहा कधी होतात ते कळत नाही. मुलगी असेल तर आधी तिलाच घरी ठेवतो, हेही खरे आहे.

ह्या नियमाला दुसरी बाजू आहे, ती पैशाची. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असलेल्या भारत सरकारच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीलाही पंच्याहत्तर टक्के हजेरीची अट आहे. म्हणजे हजेरी गेली की परीक्षाही अडचणीत आणि शिष्यवृत्तीही अडचणीत. आजारपण खरे असेल तर डॉक्टरांचे कागद त्याच आठवड्यात अर्जासोबत ऑफिसात द्यावेत आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. फेब्रुवारीत आणलेल्या ऑगस्टच्या सर्टिफिकेटावर कोणीही विश्वास ठेवत नाही. ही गोष्ट आम्ही टेबलाच्या ह्या बाजूला बसून सांगतो आहोत.

येथे एका धोक्याची सूचना देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. शहरात असे काही क्लासवाले आहेत, जे म्हणतात, ‘पोरगं आमच्याकडे दिवसभर ठेवा, कॉलेजात नुसते नाव राहील, हजेरीचे आम्ही बघतो.’ ह्याला टाय-अप म्हणतात. ह्या प्रकाराला आळा बसावा म्हणून राज्य सरकारने जून २०१८ मध्ये अकरावी-बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांची बायोमेट्रिक हजेरी घेण्याचा आदेश काढला होता आणि त्यात आपला औरंगाबाद विभागही होता. प्रकार अजून संपलेला नाही. आमच्या माहितीतील एका गवंडीकाम करणाऱ्या बांधवाने उसनवारी करून मुलाला अशाच एका क्लासात टाकले. कॉलेज नावापुरते. दोन वर्षांत मुलाने सूक्ष्मदर्शकाला हात लावला नाही. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आठवड्यात कळले की जर्नल नावाची वही असते आणि तिच्यावर वर्षभराच्या सह्या लागतात. तीन रात्री जागून पोराने दुसऱ्याची वही उतरवली. सह्या कुठून आणणार? मुलगा हुशार होता. पण परीक्षकाने समोर ठेवलेल्या स्लाइडवर काय आहे, हे त्याला सांगता आले नाही. पुस्तकातले चित्र त्याला पाठ होते, पण खरी वस्तू त्याने पाहिलीच नव्हती.

बिडकीनहून शहरात जाऊन शिकणाऱ्यांनी बसचाही विचार करावा. पैठण रस्त्यावरची गर्दी सर्वांना ठाऊक आहे. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत मिळतो, ही अहिल्याबाई होळकर योजना. मुलांनाही विद्यार्थी पासात मोठी सवलत आहे, तिकिटाचा तिसरा हिस्साच भरावा लागतो. पास काढण्यासाठी कॉलेजचा सही-शिक्क्याचा कागद लागतो. तो जूनमध्येच मागावा, ऑगस्टची वाट पाहू नये. आणि २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. पसंतीक्रम भरताना कॉलेजचे नाव मोठे की लहान हे पाहू नका. सकाळची पहिली तासिका किती वाजता आहे आणि त्या वेळेला पोहोचवणारी बस आहे का, हे आधी पाहा.

प्रयोगशाळा आणि जर्नल

बारावीच्या जीवशास्त्राला शंभर गुण. त्यांपैकी सत्तर लेखी आणि तीस प्रात्यक्षिक. तीस गुण म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. प्रात्यक्षिक परीक्षा साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, लेखी परीक्षेच्या आधीच उरकते. म्हणून प्रयोगाचा दिवस बुडवणे हे वर्गातली एक तासिका बुडवण्यापेक्षा महाग पडते. तासिकेच्या नोट्स मैत्रिणीकडून मिळतात, पण प्रयोग कोणी उसना देत नाही.

जर्नलचा नियम सोपा आहे. प्रयोग झाला त्याच आठवड्यात लिहायचा. आकृती पेन्सिलीने काढायची, नावे एका बाजूला सरळ रेषेत लिहायची आणि सरांची सही तारखेसह घ्यायची. पॉलिश केलेली सुंदर आकृती नको, जे दिसले तेच काढलेले हवे. वही पूर्ण झाली की तिच्यावर प्रमाणपत्राचे पान असते, त्यावर विभागाची सही लागते. ही वही हरवली तर फार त्रास होतो. घरात ती पाण्यापासून आणि लहान भावंडांपासून जपून ठेवावी. पत्र्याच्या घरात पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवली तरी पुरे.

प्रयोगशाळेतल्या वागणुकीचेही नियम आहेत. अंगात पांढरा अ‍ॅप्रन, पायात बंद बूट, केस बांधलेले. आत खाणेपिणे नाही. कोणतेही द्रावण तोंडाने नळीत ओढायचे नाही. रक्तगट तपासताना बोटाला टोचायची सुई दर वेळी नवी हवी. एकाची सुई दुसऱ्याने कदापि वापरायची नाही, कारण त्यातून कावीळ ‘बी’ आणि एच.आय.व्ही. पसरू शकतो. कोठे जुनीच सुई फिरवली जात असेल तर मुलाने नम्रपणे पण ठामपणे ‘नको सर’ म्हणावे. अशा वेळी नाही म्हणणे हा उद्धटपणा होत नाही.

अनेक आयांना भीती वाटते की तिथे पोरीला बेडूक फाडावा लागेल. ती जुनी गोष्ट झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली आणि पुन्हा २०१४ साली सूचना काढून कॉलेजांतील प्राण्यांचे विच्छेदन थांबविण्याची दिशा दिली. आता तक्ते, प्रतिकृती, तयार स्लाइड आणि संगणकावरील चित्रे यांवर काम चालते.

शरीराचा अभ्यास म्हणजे काय काय

२०१९ साली अकरावीची आणि २०२० साली बारावीची नवी पुस्तके आली. अकरावीच्या पुस्तकात सोळा धडे आहेत. त्यांत प्राण्यांच्या ऊती, माणसाचे पोषण, उत्सर्जन, सांगाडा व हालचाल हे आपल्या शरीराचे धडे येतात. बारावीच्या पंधरा धड्यांत प्रजनन, आनुवंशिकता, श्वसन व रक्ताभिसरण, नियंत्रण व समन्वय, आरोग्य व रोग हे धडे आहेत. पुढे पुस्तके बदलतील, धडे मागेपुढे होतील. पण हृदय, फुफ्फुस आणि वृक्क कोठे जात नाहीत.

हा विषय पाठांतराचा आहे, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात, पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, तांबड्या रक्तपेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवस असते, हे पाठ करावे लागते. पण परीक्षा विचारते ‘का’ आणि ‘कसे’. दोन्ही वृक्क मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, मग लघवी दीड लिटरच का होते? उरलेले पाणी जाते कोठे? ते नलिकांतून परत रक्तात शोषले जाते. हे कळले की उन्हात स्लॅबवर काम करणाऱ्या बापाची लघवी गडद पिवळी का होते, हेही मुलाला कळते. तो मग बापाला पाण्याची बाटली सोबत द्यायला लागतो. विषय घरात आला की तो पाठ करावा लागत नाही.

गुणांची मांडणीही मुलांनी समजून घ्यावी. ह्या पुस्तकांवरील लेखी परीक्षेत दहा गुण पर्यायी प्रश्नांना, आठ गुण एका वाक्याच्या उत्तरांना, मग दोन गुणांचे आठ प्रश्न, तीन गुणांचे आठ आणि चार गुणांचे तीन. म्हणजे पाच पाने खरडण्याची गरजच नाही. दोन गुणांना दोन मुद्दे आणि जिथे शोभेल तिथे नाव दिलेली आकृती.

अकरावीचे वर्ष हलके घेऊ नये. ‘अकरावी काय, कॉलेजचीच परीक्षा’ म्हणून मुले ते वर्ष फिरण्यात घालवतात. परंतु औषधनिर्माण, म्हणजे फार्मसीसाठी जी राज्याची सी.ई.टी. होते तिच्यात जीवशास्त्राचे शंभर प्रश्न असतात आणि सुमारे वीस टक्के भाग अकरावीचा असतो. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’मध्ये तर दोन्ही वर्षांचा अभ्यास येतो. २०२५ च्या नीटमध्ये १८० प्रश्न व ७२० गुण होते आणि त्यांतले ९० प्रश्न, म्हणजे ३६० गुण, एकट्या जीवशास्त्राचे होते. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, हे अनेकांना माहीत नसते. नुसती नीट पास होऊन भागत नाही. बारावीत भौतिक, रसायन व जीवशास्त्र मिळून अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला किमान ४० टक्के लागतात. म्हणून क्लासच्या नादी लागून बोर्डाकडे दुर्लक्ष करणे हा आपल्याच पायावर धोंडा आहे.

आणि डॉक्टरकी म्हणजेच सर्व काही नव्हे. ह्याच विषयाच्या दाराने नर्सिंग आहे, फार्मसी आहे, रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळेचा डिप्लोमा आहे, बी.एस्सी. आहे. बिडकीनच्या औरिक वसाहतीची ७,८५५ एकर जमीन सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली. कारखाने वाढतील तसे दवाखाने, तपासणी केंद्रे वाढतील. तिथे आपल्या लेकरांनी केवळ हेल्पर म्हणून जायचे की शिकून जायचे, याचा निकाल अकरावीच्या वर्गात लागतो.

भाषेची भिंत

जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीत शिकलेले मूल अकरावीला सायन्सच्या वर्गात बसते आणि अचानक सगळे इंग्रजीत सुरू होते. दहावीपर्यंत ज्याला ‘पेशी’ म्हणायचे ते आता ‘सेल’. ‘ऊती’ म्हणजे ‘टिश्यू’. ‘वृक्क’ म्हणजे ‘किडनी’. ‘चेतासंस्था’ म्हणजे ‘नर्व्हस सिस्टिम’. मुलाला वाटते, आपल्याला काहीच येत नाही. वास्तविक त्याला ते येत असते, फक्त नाव बदललेले असते. पहिल्या दोन महिन्यांत जी मुले सायन्स सोडून परत येतात, त्यांतली निम्मी भिंत ही असते.

उपाय स्वस्त आहे. एक शंभर पानी वही घ्यावी, मधोमध रेघ मारावी. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी. रोज दहा. दोन महिन्यांत पाचशेच्या वर शब्द होतात. मोठे शब्द तुकडे करून शिकावेत. ‘कार्डिअ‍ॅक’ आले की हृदयाचे. ‘रीनल’ आले की वृक्काचे. ‘हिपॅटिक’ आले की यकृताचे. ‘पल्मोनरी’ आले की फुफ्फुसाचे. शेवटी ‘आयटिस’ आले की सूज किंवा दाह. मग ‘हिपॅटायटिस’ म्हणजे यकृताचा दाह, हे मुलाला कोणी सांगावे लागत नाही. घाटी दवाखान्याच्या कागदावर काय लिहिले आहे, ते घरातले हेच मूल वाचून दाखवू लागते. आपल्या बायाबापड्या कागद हातात धरून ह्या खिडकीतून त्या खिडकीकडे फिरतात, ते थोडे तरी थांबेल.

शिक्षकांकडून अपेक्षा ठेवण्याचाही मुलांना हक्क आहे. समजले नाही तर ‘सर, हे मराठीत एकदा सांगा’ असे म्हणायला लाजू नये. बहुतेक शिक्षक आनंदाने सांगतात. प्रश्न विचारणारे मूल त्यांच्या लक्षात राहते.

वगळला जाणारा धडा

बारावीच्या पुस्तकात मानवी प्रजननाचा धडा आहे. कित्येक वर्गांत तो ‘घरी वाचून घ्या’ म्हणून सोडून दिला जातो. मुली मान खाली घालतात, मागच्या बाकावर मुले हसतात, आणि शिक्षकही घाईने पान उलटतात. घरी तर त्याविषयी बोलायचीच सोय नाही. पण ह्या धड्यावर गुण आहेत, नीटमध्ये प्रश्न आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ह्या धड्यात मुलीच्या आयुष्याचे ज्ञान आहे. पाळी हा विटाळ नाही. गर्भाशयाचे अस्तर दर महिन्याला तयार होते आणि गर्भ राहिला नाही तर गळून पडते, एवढीच ती गोष्ट. मुलगा की मुलगी हे आईवर अवलंबून नसते, बापाकडून येणाऱ्या ‘एक्स’ किंवा ‘वाय’ गुणसूत्रावर अवलंबून असते. हे एक वाक्य प्रत्येक सासूने ऐकले तर किती सुनांचे अश्रू वाचतील!

आयांनो, तुमची मुलगी हा धडा वाचत असेल तर पुस्तक हिसकावू नका. तिच्याजवळ बसा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. स्त्रीचे हिमोग्लोबिन बाराच्या खाली गेले की रक्तक्षय धरतात. आपल्या घरात किती जणींचे ते बाराच्या वर आहे, हे तुमची लेक शिकेल तेव्हा तुम्हांलाच सांगेल.

कॉपी : हुशारीचा खून

ह्या विषयी स्पष्टच बोलले पाहिजे. आपला विभाग कॉपीच्या बातम्यांनी वारंवार बदनाम झाला आहे. २०२३ साली तर औरंगाबाद विभागात बारावीच्या भौतिकशास्त्राच्या तीनशेहून अधिक उत्तरपत्रिकांत दुसऱ्याचे हस्ताक्षर आढळले आणि चौकशी झाली. परीक्षेतील गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात १९८२ पासून स्वतंत्र कायदा आहे. पण कायद्याची भीती बाजूला ठेवून विचार करा. कॉपीने बारावी पास झालेली मुलगी नर्सिंगला गेली आणि तिला सलाइनमध्ये किती मिलिलिटर औषध घालायचे ते कळले नाही, तर मरणार कोण? खाजगी दवाखान्यात जाणारे मरणार नाहीत. सरकारी वॉर्डात जमिनीवर गादी टाकून पडलेला आपलाच माणूस मरेल. जो केंद्रावर भिंतीवरून चिठ्ठ्या फेकतो, तो मदत करत नाही, आपल्या पोराचे हात कापतो.

रक्ताला जात नसते

प्रयोगशाळेत रक्तगट तपासण्याचा प्रयोग मुलांनी डोळे उघडून करावा. काचपट्टीवर रक्ताचे तीन थेंब घेतात. एकात अ‍ॅन्टी-ए, दुसऱ्यात अ‍ॅन्टी-बी, तिसऱ्यात अ‍ॅन्टी-डी द्रावण टाकतात. ज्या थेंबात कण गोळा होऊन दाणेदार दिसते तो गट. कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने १९०० च्या सुमारास हे शोधून काढले आणि १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या मुंबईत १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी एक अतिशय दुर्मिळ गट शोधला. त्याला जगभर ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणतात.

आता वर्गातल्या चाळीस मुलांच्या काचपट्ट्या शेजारी ठेवा. ए, बी, एबी, ओ सगळे दिसतील. कोणत्या काचेवर कोणत्या आळीतले रक्त आहे, हे जगातला कोणताही डॉक्टर पाहून सांगू शकणार नाही. पाटलाच्या मुलाला अपघातानंतर आपल्या वस्तीतल्या तरुणाचे रक्त चालते आणि आपल्या भगिनीला बाळंतपणात वाड्यावरच्याचे चालते, गट जुळला म्हणजे झाले. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’ निबंधात रक्तशुद्धीच्या नावाने जातीचे समर्थन करणाऱ्यांना उत्तर दिले होते. त्याचा पुरावा आपली लेकरे स्वतःच्या बोटातल्या थेंबाने पाहू शकतात.

बाबासाहेबांनी १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केले, तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि उच्च शिक्षण म्हणजे दूरची गोष्ट होती. नागसेनवनात कलेबरोबर विज्ञानही आले. आपल्या आजोबांपैकी कित्येकांनी मिलिंदच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. दार तेव्हाच उघडले गेले आहे. आत टिकून राहण्याचे काम आपले आहे.

कागदपत्रांची शिदोरी

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर शिष्यवृत्ती. त्यावर गेले तर फ्रीशिपची चौकशी करावी. मुलाच्या नावाचे बँक खाते आधारशी जोडलेले हवे, नाहीतर पैसे अडकतात. जातीचे प्रमाणपत्र आहे म्हणून निश्चिंत राहू नका. फार्मसी, वैद्यकीय अशा व्यावसायिक प्रवेशाला जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्याचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत करून टाकावा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा विचारतात. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा, महसुली नोंद, कोतवाल बुकातील नोंद शोधायला वेळ लागतो. उन्हाळ्याच्या सुट्टीतच शोधायला लागा.

आईबापांनी काय करावे

शेवटी आमची पालक बंधू-भगिनींना विनंती आहे. तुम्ही शिकलेले नसाल, तरी पुढील कामे तुम्ही करू शकता. जून-जुलैत एक दिवस मजुरी बुडवून कॉलेजात जा. आत जायला घाबरू नका. ते कॉलेज तुमच्या मुलामुळे चालते. जीवशास्त्राच्या सरांना भेटा आणि सरळ विचारा : हजेरी किती लागते? प्रयोगाचा वार कोणता? जर्नल कधी तपासता? चाचणी कधी? पोराला शंका असेल तर कधी भेटावे? पाच प्रश्न. उत्तरे मुलाला त्याच वेळी वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावा. जो छापील कागद आपल्याला कोणी दिला नाही, तो आपणच तयार करायचा.

दर महिन्याच्या शेवटी मुलाला एवढेच विचारा, ‘किती दिवस गेला, किती सह्या झाल्या?’ विहारात रविवारी मुले जमतात, तिथे बारावी झालेल्या मुलामुलींनी अकरावीच्या मुलांची जर्नले एकदा पाहावीत आणि शब्दांची वही तपासावी. त्याला पैसा लागत नाही. वस्तीत चार-पाच घरची मुले मिळून एका घरी रात्री दोन तास बसतील अशी जागा करा, त्या वेळेपुरता टी.व्ही. आणि मोबाइल बंद ठेवा.

आणि मुलांनो, तुम्हांला एक सांगणे. कापूस वेचणाऱ्या आईचे हात काट्यांनी फाटतात. ती जखम दहा-पंधरा दिवसांत कशी भरून येते, रक्त कसे गोठते, नवी त्वचा कशी येते, हे सारे तुमच्या पुस्तकात लिहिले आहे. ते समजून घ्या. उद्या सकाळी पहिल्या तासाला वेळेवर जा, अ‍ॅप्रन धुऊन ठेवा, आणि मागच्या प्रयोगावर सही राहिली असेल तर ती आधी घ्या.